लाल फोन नव्हता, टेलिप्रिंटर होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला क्यूबा पेचप्रसंगावरचा लेख वाचला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी लाल फोन उचलला, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हशी बोलले आणि अणुयुद्ध टळलं, असं त्यात छापलं आहे. सोबत पाव पानभर लाल फोनचं चित्रही. ऑक्टोबर १९६२ मध्ये, सोव्हिएत रशियाने क्यूबात अण्वस्त्रं वाहणारी क्षेपणास्त्रं आणल्यावरून हा पेच उभा राहिला तेव्हा, वॉशिंग्टन आणि मॉस्कोमध्ये अशी कुठलीही लाइन अस्तित्वात नव्हती. या थेट लाइनचा, म्हणजे हॉटलाइनचा, करार २० जून १९६३ रोजी जिनिव्हात झाला आणि ती सुरू झाली ३० ऑगस्टला. सुरू झाली तेव्हाही तो फोन नव्हता; टेलिप्रिंटर होता, म्हणजे टाइप केलेला मजकूर तारेवरून पाठवून पलीकडे छापणारं यंत्र.

थेट लाइन नव्हती, हाच तर त्या तेरा दिवसांतला मोठा धोका होता. २६ ऑक्टोबरचं ख्रुश्चेव्हचं पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत दिल्यापासून भाषांतर, सांकेतिक लिपी आणि तारा हे सगळं पार करून वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला जवळपास १२ तास लागले. त्याचं उत्तर ठरत असतानाच २७ तारखेला दुसरं, जास्त कडक पत्र मॉस्को रेडिओवरून आलं. त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पाडलं गेलं. कोणत्या पत्राला उत्तर द्यायचं, इथपासून खल. अखेर २८ तारखेला क्यूबातली क्षेपणास्त्रं परत नेण्याचा ख्रुश्चेव्हचा निर्णयही वेळ जाऊ नये म्हणून रेडिओवरूनच जाहीर करावा लागला. आणि २७ च्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना समोरासमोर भेटून तुर्कस्तानातली अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढण्याचं गुप्त आश्वासन दिलं, त्याचा तुमच्या लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही. ती १५ क्षेपणास्त्रं एप्रिल १९६३ पर्यंत निघाली. सौदा दोन्ही बाजूंनी झाला होता.

आता ही हॉटलाइन चालायची कशी, ते सांगतो. सोलापूरकरांना ते समजायला अवघड जाऊ नये. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्डला भोकं पाडलेले पुठ्ठे लागतात, तशी इथे भोकं पाडलेली कागदी पट्टी. प्रत्येक अक्षराला पाच जागा. कुठे भोक आहे आणि कुठे नाही, यावरून अक्षर ठरतं. मजकुराच्या पट्टीबरोबर किल्लीची, म्हणजे कशीही भोकं पाडलेली गुप्त पट्टी यंत्रात चालवायची. दोन्हींवर एकाच जागी सारखी खूण असेल तर एक संकेत, वेगळी असेल तर दुसरा. पलीकडे त्याच किल्लीची जोडपट्टी लावली की मूळ मजकूर उमटतो. किल्ली एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा वापरली तर दोन संदेश एकमेकांवर ताडून गुपित फोडता येतं. पट्टी एका अक्षराने पुढेमागे झाली तरी तिथून पुढचा सगळा मजकूर वाया. लाइन नीट चालते ना, हे पाहायला दर तासाला चाचणी संदेश जायचा. वॉशिंग्टन इंग्रजीत पाठवी, मॉस्को रशियनमध्ये. भाषांतर ज्याला मिळालं त्याने करायचं. वॉशिंग्टनकडचं यंत्र पेंटागॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मुख्यालयात होतं.

तार लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी अशी जाई. मोरोक्कोतल्या टँजियरमार्गे रेडिओची पर्यायी सोय होती. ती सोय लागायचीही. एकदा फिनलंडमधल्या शेतकऱ्याच्या नांगराखाली तार तुटली होती.

बोलणं टाळून लिहिणं का निवडलं, हे लेखकाने विचारायला हवं होतं. फोनवर दुभाष्याचा एक शब्द चुकला, आवाज चढला, की परत घेता येत नाही. कागदावर आलेलं चारचौघांना दाखवून, पुन्हा वाचून उत्तर देता येतं. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात ही लाइन पहिल्यांदा गंभीरपणे वापरली गेली, सुमारे २० संदेश. त्यातला एक मुद्दाम सांगतो: इस्रायलच्या हल्ल्यात सापडलेल्या लिबर्टी या अमेरिकी जहाजाकडे आमची विमानं निघाली आहेत, असं अमेरिकेने मॉस्कोला आधीच कळवलं. ती विमानं पाहून रशियनांनी भलताच अर्थ काढू नये म्हणून.

‘त्यानंतर दोन्ही महासत्ता मित्र झाल्या’ हे तुमचं शेवटचं वाक्यही चूक आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरण, अवकाश आणि पाण्याखालच्या अणुचाचण्या बंद करणारा करार झाला, पण जमिनीखालच्या चाचण्या चालूच राहिल्या. आणि क्यूबातून माघार घ्यावी लागलेल्या सोव्हिएत रशियाने पुढच्या वर्षांत क्षेपणास्त्रांचा साठा झपाट्याने वाढवला. वैर तसंच राहिलं, फक्त एकमेकांना वेळेवर कळवायची शिस्त आली. भारत-पाकिस्तानचंही असंच. दोघे दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, १९९२ पासून. तरी १० मे २०२५ ला दुपारी ३.३५ वाजता लढाई थांबवायला दोन्हीकडच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांना फोनवर बोलावंच लागलं.

आणखी एक. इथल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची मुलं तुमच्या पुरवणीची कात्रणं वहीत चिकटवतात, त्यावर विसंबून उत्तरपत्रिका लिहितात. तुमच्याकडे मात्र चूक पाव पानावर आणि दुरुस्ती तळाशी, भिंग लावून वाचावी अशा अक्षरांत. मागच्या दोन्ही वेळी हेच झालं. या वेळी दुरुस्ती रविवारच्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावी. जागा कमी पडत असेल तर फोनचं चित्र काढा.

– एक नियमित वाचक, साखर पेठ, सोलापूर