अव्या, तुझी ती पाठ

ठाणे,
रविवार, रात्र

प्रिय अव्या,

दिवाळीनंतर तुला एक फोनसुद्धा केला नाही, याची लाज वाटते. घरी ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर आटोक्यात.

ओंकारच्या पाठीचं सांगायचंय. जानेवारीत बोलिंग करून आला की कंबर धरून बसायचा. मागे वाकला की कळ जास्त. मी म्हटलं, स्नायू आखडला असेल, शेक घे. एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआय आणि सीटी केलं तेव्हा कळलं, कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीत तडा आहे. स्ट्रेस फ्रॅक्चर. पोरगा पडला नाही, आपटला नाही. चेंडू सोडताना पुढचा पाय आदळतो, पाठ मागे वाकते, एका अंगाला झुकून पिळवटते. तेच तेच होऊन हाड थकतं. उजव्या हाताच्या बोलरला बहुधा डावीकडे.

सहा महिने बोलिंग बंद, पट्टा, व्यायाम, सगळं केलं. तडा भरला नाही. आता डॉक्टर म्हणतात, स्क्रू घालू. पूर्वी पाठ मोठी उघडून स्नायू हाडापासून सोडवायचे. आता लहानशा छेदातून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, स्नायू बाजूला सारून तडा स्क्रूने आवळतात. मणके एकमेकांना जोडत नाहीत, त्यामुळे कंबर वाकते तशीच वाकते. पण छेद लहान म्हणून हाड काही लवकर सांधत नाही, त्याला महिने लागणारच. आणि दुसऱ्या बाजूलाही तडा गेला तर मणका पुढे सरकू शकतो, हे ऐकल्यापासून मला झोप नाही. ओंकार बुमराहचं सांगतो: मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला पाठीचं ऑपरेशन, ऑगस्टमध्ये आयर्लंडला पुन्हा बोलिंग. अरे, हा सतरा वर्षांचा, सही मी करायची.

सेंट्रल मैदानावरच्या त्या सेमीफायनलला तिसऱ्या ओव्हरनंतर तू चेंडू माझ्या हातात ठेवलास आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाटकं करू नकोस." आठ महिने अबोला धरलास, पण तलावपाळीची भेळ मात्र माझ्याच खात्यावर खात राहिलास! बोलिंग पुन्हा कधी टाकली नाहीस. सीटीची फिल्म खिडकीला धरली तेव्हा ओंकारच्याही आधी तू आठवलास. चुकलो रे मी.

वहिनींची बदली झाली का? सईच्या ॲडमिशनचं कळव.

शुक्रवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय. त्याआधी ये, नाही तर फोन तरी कर. तुला तेव्हा डावीकडेच दुखायचं ना?

तुझा,
पक्या