पाटातलं पाणी आणि रडारची पल्स

मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझ्या मळ्यात पाटाच्या कडेला बसलो असताना तू विचारलंस, "कपॅसिटर भरायचा आणि रडारमध्ये एकदम रिकामा करायचा, त्यात एवढं काय?" तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली नि उत्तर राहून गेलं.

टाकीची तोटी उघडली की आधी जोर, मग धार मंदावत जाते. नुसता कपॅसिटर, म्हणजे विजेची टाकी, असाच रिता होतो, आणि रडारच्या लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळीला ते सोसत नाही. करंट घसरला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. म्हणून पल्सचा, म्हणजे विजेच्या त्या क्षणिक झटक्याचा, माथा सपाट हवा.

आता तुझा पाट घे. वरचं टोक बंद, पाणी काठोकाठ, खालचं दार बेतानं उघडलेलं. पातळी उतरल्याची लाट मागे जाते, बंद टोकाला आपटून परत फिरते. ती पोचेपर्यंत दाराशी धार एकसारखी. मॅग्नेट्रॉनला पल्स पुरवणाऱ्या मॉड्युलेटरमधला पीएफएन (पल्स फॉर्मिंग नेटवर्क) हेच करतो. कॉइल आणि कपॅसिटरची ती शिडी असते, आणि लाटेचा जाऊन-येऊन लागणारा वेळ हीच पल्सची लांबी. 50 ओहमच्या, 1 मायक्रोसेकंदाच्या शिडीला सगळे मिळून 0.01 मायक्रोफॅरड आणि 25 मायक्रोहेन्री पुरतात. 10 हजार व्होल्टला भरली की तिच्यात अर्धा ज्यूल साठतो. जुळत्या, म्हणजे 50 ओहमच्याच लोडवर व्होल्टेज निम्मं, 5 हजार मिळतं, पण करंट 100 अँपिअर! मायक्रोसेकंदभर 500 किलोवॅट. पुढे पल्स ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवून मॅग्नेट्रॉनला देतो. गेलेलं निम्मं भरतानाच वसूल झालेलं असतं: चोक (एक मोठी कॉइल) आणि डायोडमधून भरलं की 5 हजारांच्या सप्लायवर शिडी जवळजवळ 10 हजारांपर्यंत चढते. मला यातली ही जागा सर्वांत सुंदर वाटते.

दाराचं काम हायड्रोजन थायरेट्रॉनचं, म्हणजे हायड्रोजन वायू भरलेल्या, स्विचसारख्या नळीचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तो रडारसाठीच घडला. हायड्रोजनचे आयन हलके, झटकन विरतात, त्यामुळे दार पुढच्या पल्सआधी पुन्हा बंद झालेलं असतं.

मागे एका जुन्या बोटीवर गेलो होतो. पडद्यावर मोठी जहाजं दिसत, मच्छीमारांच्या होड्या मात्र नाहीत. व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तर पल्सच्या माथ्यावर मधोमध खळगा. शिडीतला एक कपॅसिटर गेला होता. तेलात बुडवलेला तो सबंध डबाच बदलला. रात्री खांदेरीच्या बाजूला होड्यांचे ठिपके एकेक करून उमटले, तेव्हा मी जेवण विसरून तिथेच उभा राहिलो.

पुढच्या खेपेला पाट भरून ठेव, ती लाट तुला दाखवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता