स्टुटगार्टच्या करारावर सही करण्याआधी

चि. मनाली,
अनेक आशीर्वाद.

जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाल्याचं तुझ्या आईने गल्लीभर केलंय. आता एजंट, करार, व्हिसा सुरू होईल. त्याआधी थोडं लिहूनच पाठवतो, कारण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि विषय तिथेच संपतो.

जर्मनीला तुम्हा नर्सची गरज का पडली ते आधी समजून घे. 1964 साली दोन्ही जर्मनींत मिळून साडेतेरा लाखांवर मुलं जन्मली. 2024 मध्ये पावणेसात लाखांच्या आसपास, म्हणजे निम्मीच. ती 1964 ची पिढी 2031 ला सदुसष्टची होऊन पेन्शनीत जाईल. हात कमी आणि पेशंट जास्त, असा सगळा हिशोब. म्हणूनच ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या तेव्हाच्या शोल्झ सरकारने भारतीय कुशल कामगारांचे वर्षाचे व्हिसा 20 हजारांवरून 90 हजारांवर न्यायचं जाहीर केलं. स्टुटगार्ट ज्याची राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी आपल्या राज्याचा कुशल माणसं पाठवण्याचा करारही त्याच वर्षीचा. यात आपल्यावर कुणाचे उपकार नाहीत. एजंटसमोर दबून बसू नकोस.

पण त्याच स्टुटगार्टच्या, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये जर्मनीतल्या तेरा हजारांच्या आसपास नोकऱ्या कमी करणार म्हणून सांगितलं. फोक्सवॅगन 2030 पर्यंत 35 हजार कमी करणार आहे. शिरोलीत आमच्या शॉपमध्ये चहाला हाच विषय असतो, कारण इलेक्ट्रिक गाडीला सिलिंडर हेड लागत नाही आणि आम्ही दिवसभर तेच करतो. माणसं मिळत नाहीत म्हणायचं आणि माणसं काढायची, हे कसं, असं पोरं विचारतात. मला नवल वाटत नाही. जन्मभर पंप जोडलेला पन्नाशीचा माणूस उद्या वॉर्डात सलाईन लावू शकत नाही. तुझ्या आजोबांचंच घे. 1982 च्या संपात अडीच लाखांच्या घरात गिरणी कामगार होते, त्यातले ते एक. पुढे परळात गिरण्यांच्या जागी टॉवर आले, ऑफिसं आली, नोकऱ्याही निघाल्या. चार साचे, म्हणजे माग, एकटे सांभाळणाऱ्या माणसाला त्यातली मिळाली वॉचमनची खुर्ची. तीही नीट जमेना, कारण साचेखात्याच्या आवाजात कान गेलेले. मागून गाडीने हॉर्न दिला तरी कळायचं नाही.

तुझ्याकडे कसब आहे, पण ते तिथल्या कागदावर चढायला हवं. तुझी बी.एस्सी. नर्सिंग तिथे आपोआप चालत नाही. कागद तपासतात, काय कमी आहे ते लिहून देतात, मग कोर्स किंवा परीक्षा, आणि मगच मान्यता. तोवर तू हेल्पर. वृद्धसेवेतलं किमान वेतन जुलै 2025 पासून हेल्परला तासाला 16.10 युरो, पूर्ण मान्यतेच्या नर्सला 20.50. मान्यता वर्षभर लांबली तर फायदा कुणाचा, ते तूच बघ. म्हणून पगाराआधी हे विचार: मान्यतेचा कोर्स किती महिन्यांत, खर्च कुणाचा, ड्युटीतून वेळ मिळणार का, आणि मध्येच नोकरी सोडली तर किती पैसे परत मागणार. एजंटने तुझ्याकडेच पैसे मागितले तर उठून ये. नर्सच्या प्रामाणिक भरतीत खर्च मालकाचा असतो, आणि तशा एजन्सींना जर्मन सरकार शिक्काही देतं.

आज दार उघडं आहे म्हणून कायम राहील असं धरू नकोस. नोव्हेंबर 1973 मध्ये, तेलाच्या संकटात, जर्मनीने परदेशी कामगारांची भरती एका फटक्यात थांबवली होती. साठच्या दशकात गेलेल्या केरळच्या नर्सपैकी बऱ्याच जणींचे परवाने पुढे वाढवले नाहीत. मान्यता मिळालेल्या कुशल कामगाराला आता तीन वर्षांनी कायम परवान्यासाठी अर्ज करता येतो. आधी तो पदरात पाड. गाडी, हप्ते, गावाकडचं घर नंतर.

करार आला की सहीआधी पीडीएफ पाठव. जर्मन मला येत नाही, पण युनियनमध्ये करारच वाचत आलोय. मराठी करून दिलंस तर परतफेडीचं कलम कुठे दडवलंय ते मी शोधतो.

तुझे,
बाबा

ता. क. नर्सिंग कौन्सिलचं मूळ रजिस्ट्रेशन कपाटात सापडलं. झेरॉक्स काढून ठेवल्यात. मूळ प्रत कुरिअरने नाही, मी स्वतः रविवारी पुण्याला घेऊन येतो.