कार्ड गावचं, भूक रस्त्यावरची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

करोनाकाळातल्या मोफत धान्य योजनेचं कौतुक करणारा लेख आपल्या अंकात वाचला. कौतुक रास्तच आहे. माणशी पाच किलो धान्याने कोट्यवधी घरांतली चूल पेटती राहिली. पण ज्यांना ते सगळ्यात आधी हवं होतं त्यांच्या हाती ते पडलंच नाही, हे लेखात कुठे आलं नाही.

२०२०च्या एप्रिल-मेमध्ये आम्ही काही शेजारी ओझरजवळ मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला खिचडी वाटायचो. भिवंडी, ठाण्याहून माणसं चालत यायची. एका बाईने पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात घडी घातलेलं रेशन कार्ड होतं. त्यावर पाच नावं. "यहाँ नहीं चलता," एवढंच म्हणाली आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं. कार्ड उत्तर प्रदेशचं होतं. तिकडच्या दुकानात तिच्या नावचं धान्य पडून होतं आणि ती इथे पोरांना अर्धं-अर्धं ताट वाढत होती.

२४ मार्चच्या रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली, बारापासून लागू. घरी परतायला चार तास. मजुरांसाठी श्रमिक रेल्वे सुटायला १ मे उजाडला. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने पाच किलो धान्य द्यायची घोषणा झाली १४ मेला. त्याआधीच, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो मला अजून पाहवत नाही.

केंद्राने करोनाकाळात जाहीर केलेल्या वीस लाख कोटींच्या मदत-पॅकेजमध्ये मोठा वाटा कर्जाचा आणि कर्जहमीचा होता. उद्योगांना त्याची गरज होती, हे मान्य. पण रोजंदारी बुडालेल्या माणसाला बँक कशाच्या जोरावर कर्ज देणार? त्याला रोख पैसे हवे होते. जनधन खात्यावर महिलांना महिना ५०० रुपये मिळाले, तेही तीनच महिने.

सप्टेंबरमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की वाटेत किती मजूर दगावले याची नोंद नाही. परराज्यातल्या मजुरांची नोंद ठेवायला लावणारा कायदा १९७९ पासून होता!

आता कार्ड देशभर चालतं, हे मोठं काम झालं. पण किती लोकांना रेशनचं धान्य मिळणार, हा केंद्राचा कोटा २०११च्या जनगणनेवरच बेतलेला आहे. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर नोंदलेल्या पण कार्ड नसलेल्या सुमारे आठ कोटी लोकांना रेशन कार्डं द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं. त्यातली नाशिक जिल्ह्यात किती निघाली, हे पुरवठा विभागाने जाहीर करावं आणि आपल्या वार्ताहरांनी तो आकडा मागून छापावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ओझर (जि. नाशिक)