बटाटा म्हणजे जमिनीतलं खोड, एवढं आधी छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरच्या बागेबद्दल तुमच्या पुरवणीत जे येतं ते मी वाचते, कात्रणंही ठेवते, म्हणूनच हे पत्र लिहितेय. बटाट्याबद्दल कुठेही वाचलं, म्हणजे तुमच्याकडेच असं नाही, सगळीकडेच, आणि व्हिडिओ तर विचारूच नका, तरी साचा एकच असतो: कोंब आलेला बटाटा घ्या, कापा, कुंडीत पुरा, पाणी घाला, तीन महिन्यांनी काढा. यात खोटं काही नाही पण एवढ्यावर बटाटा येत नाही. वर पाला मस्त येतो, खाली सुपारीएवढे चार निघतात, त्यातले दोन हिरवे, मग माणूस म्हणतो हे आपलं काम नाही आणि परत कधी लावत नाही. याचं मला फार वाईट वाटतं कारण छोट्या जागेत, अगदी बाल्कनीतसुद्धा, बटाटा चांगला येतो. फक्त तो काय आहे ते आधी कळायला हवं.

बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. गाजर, मुळा, रताळं ही मुळं, ती वेगळी. बटाट्याच्या रोपाचं जे खोड मातीखाली असतं त्याला बारीक आडव्या फांद्या फुटतात, त्यांना स्टोलन म्हणतात, आणि त्या फांदीचं टोक फुगून बटाटा होतो. बटाट्यावरचे डोळे म्हणजे खोडाचे सांधे, जिथून कोंब निघतो. शाळेत हे सगळ्यांनी शिकलेलं असतं पण लागवडीच्या माहितीत कोणी त्याचा उल्लेख करत नाही, आणि खरं तर लागवडीतली बहुतेक कामं यातूनच समजतात.

आता मातीची भर घ्या. सगळे सांगतात भर द्या, का ते कोणी सांगत नाही. लावलेलं बेणं, म्हणजे लागवडीसाठी पुरलेला बटाटा, जिथे आहे त्याच्या वरच्या बाजूला नवीन बटाटे धरतात, खाली नाही. म्हणजे बेणं वरवर पुरलं तर नवीन बटाटे मातीच्या बाहेर डोकावणार, आणि खोडच असल्यामुळे उजेड लागला की हिरवे होणार. म्हणून बेणं १० ते १५ सेंटिमीटर खोल घालायचं, रोप वीतभर झालं की बुंध्याशी माती ओढायची, वरची पानं उघडी ठेवायची, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा ओढायची. कुंडी किंवा ग्रो बॅग असेल तर सुरुवातीला अर्धीच भरायची आणि रोप वाढेल तसं वरून मिश्रण घालत जायचं. पाऊस पडून किंवा जोरात पाणी घालून माती खाली बसते, तेव्हा काढणीपर्यंत अधूनमधून बुंध्याशी बघत राहायचं, कुठे बटाटा उघडा दिसला की लगेच झाकायचा. वाळलेल्या पाल्याचा जाड थर दिला तरी चालतं, मातीही गार राहते.

इथेच त्या उंच टॉवरबद्दल लिहायला हवं. एकावर एक टायर किंवा उंच जाळी, भरत जा भरत जा आणि मग पोतंभर बटाटे, असे व्हिडिओ खूप फिरतात. बटाटे देणाऱ्या फांद्या मुख्यतः बेण्याच्या लगेच वरच्या काही सांध्यांमधून निघतात, त्यामुळे मीटरभर माती चढवली म्हणून मीटरभर उंचीपर्यंत थरावर थर बटाटे धरत नाहीत. उलट पानं सारखी गाडली गेली तर रोपाला अन्न तयार करायला पानच उरत नाही. साधारण फूट-सव्वा फूट खोल मिश्रण पुरतं, आणि एका रोपाला १० ते १५ लिटर तरी जागा द्यावी. चांगलं जमलं तर एका रोपाला अर्धा ते एक किलो मिळतात. हा आकडा तुम्ही छापलात तर नवीन लावणाऱ्याची अपेक्षा पहिल्यापासून बरोबर राहील, उगाच निराश होणार नाहीत.

हिरव्या बटाट्याबद्दल तर मला जास्त जोर देऊन लिहायचंय कारण घरच्या बागेत लहान मुलं असतात. हिरवा रंग हा हरितद्रव्याचा, त्याने काही होत नाही, पण ज्या उजेडाने हिरवा रंग येतो त्याच उजेडाने सालीत आणि सालीच्या लगेच खाली सोलानिन आणि त्याच्यासारखी विषारी द्रव्यं वाढतात. उकडून ती जात नाहीत. एक किलो बटाट्यात ती २०० मिलिग्रॅमच्या खाली असावीत असं साधारण मानतात, पण घरी कोण मोजणार, म्हणून सरळ नियम करायचा: थोडासा डाग असेल तर जाड साल काढून हिरवा भाग पूर्ण कापून टाकायचा, जास्त हिरवा असेल किंवा कडू लागला तर फेकून द्यायचा. कोंबांमध्येही हे असतं. आणि फुलं येऊन गेल्यावर कधीकधी रोपाला छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी फळं लागतात, ती विषारीच, मुलांना आधीच सांगून ठेवावं नाहीतर दिसताक्षणी तोडून टाकावीत.

बेण्याचं बोलू. खायला आणलेला बटाटा लावला तर उगवू शकतो, नाही असं नाही, पण दोन अडचणी असतात. एक म्हणजे साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून त्यावर औषध मारलेलं असू शकतं, मग तो महिना महिना तसाच बसतो किंवा मरतुकडे कोंब काढतो. दुसरी अडचण जास्त मोठी, बटाट्याचे विषाणू बेण्यातूनच पुढच्या पिकात येतात आणि बघून ते कळत नाहीत, बटाटा बाहेरून छान गुळगुळीत असतो. उगवल्यावर पानं आखडलेली, गुंडाळलेली, पिवळट ठिपक्यांची, आणि खाली काही नाही. शिवाय मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, एका रोपावरून दुसऱ्यावर हे विषाणू नेतो. म्हणून जमेल तिथे प्रमाणित बेणं घ्यावं. ताजा काढलेला बटाटा मात्र लगेच लावून उपयोग नाही, तो साधारण दोन-तीन महिने झोपेत असतो.

कोंब काढताना बटाटे अंधारात ठेवले तर लांब, पांढरे, नाजूक कोंब येतात आणि लावताना मोडतात. उजेडात पण ऊन लागणार नाही अशा गार जागी एका थरात पसरून ठेवले तर जाड, आखूड, गडद कोंब येतात, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, तेच हवेत. बटाटा छोटा असेल तर अख्खा लावा, कुजायची भीती कमी. मोठा असेल तर कापा पण उभा कापा, कारण बहुतेक डोळे एका टोकाकडे जमलेले असतात आणि आडवा कापला तर खालच्या अर्ध्याला फार काही येत नाही. तुकडा ३० ते ५० ग्रॅमचा, दोन तरी डोळे असलेला, आणि कापून लगेच मातीत नाही, दोन-तीन दिवस हवेशीर सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्यायची. ओल्या कापासकट पुरलेलं बेणं मातीत सडतं आणि लोक वाट बघत बसतात. दोन बेण्यांत २५ ते ३० सेंटिमीटर अंतर.

आणि वेळ! माझी तुमच्याकडे सगळ्यात मोठी विनंती हीच की लागवडीचा महिना छापू नका, तापमान छापा. रोप उन्हातही वाढतं, पण बटाटा धरायला माती गार लागते, १५ ते २० अंश सेल्सिअसला उत्तम, रात्री गरम राहिल्या की धरणं कमी होतं आणि माती ३० अंशांच्या आसपास गेली की जवळजवळ थांबतंच. म्हणजे आपल्या जागी सगळ्यात गार आठवडे कोणते ते बघायचं आणि रोप महिना-दीड महिन्याचं होईल तेव्हा ते आठवडे यावेत असा मागे हिशोब करून लावायचं, पाला करपेल अशी कडाक्याची थंडी मात्र टाळायची. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत माती फार तापते, तिथे कुंडीच्या बाजूंना सावली मिळेल असं करा, पानांना ऊन हवंच पण कुंडीला नको. पाला उत्तम आणि खाली काही नाही याचं कारण बहुतेक वेळा हे तरी असतं नाहीतर नत्र जास्त झालेलं असतं. खत घालायची हौस सगळ्यांना असते, पण नत्र जास्त मिळालं की रोप पाला वाढवत बसतं आणि बटाटे धरायचं लांबवतं.

माती भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी, थोडी आम्ल असली तर चांगलंच, सामू (पीएच) ५ ते ६ च्या आसपास. म्हणून राख आणि चुना बटाट्याच्या वाफ्यात घालू नका. राख चांगली असते म्हणून लोक सगळीकडे टाकतात पण तिने सामू वाढतो आणि सालीवर खरखरीत खपल्या येणारा रोग वाढायला मदत होते. ताजं शेणखतही नको, पूर्ण कुजलेलंच घ्यावं. त्या खपल्यांचे बटाटे सोलून खाता येतात, घाबरू नये.

पाण्याचं गणित सोपं पण चिकाटीचं. एकसारखी ओल. चार दिवस कोरडं ठेवून मग भरपूर ओतलं की बटाट्याला तडे जातात, वेडेवाकडे फुगवटे येतात, कधी मध्ये पोकळी पडते. सततची चिखलासारखी माती असेल तर सालीवर पांढरे फुगलेले ठिपके दिसतात, म्हणजे त्याला हवा मिळत नाहीये आणि पुढे सडणार. बटाटे धरायला लागतात तो काळ सगळ्यात नाजूक, तेव्हा बाहेरगावी जायचं असेल तर शेजाऱ्यांना सांगून जा. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घालायचं, पानांवर नाही.

पानांवर नाही याचं कारण करपा. उशिरा येणारा करपा म्हणतात तो, हवा गार आणि पानं ओली असली की येतो, पानांवर तपकिरी-काळे पाणीदार डाग आणि पानाच्या खालच्या बाजूला डागाच्या कडेने पांढरी बुरशी. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो भयंकर दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसं गेली, त्याच्या मुळाशी याच रोगाने बुडवलेलं बटाट्याचं पीक होतं. बागेतल्या चार कुंड्यांचं लिहिताना मी हे उगाच मध्ये आणत नाहीये. हा रोग वाऱ्यावर लांब जातो आणि टोमॅटोलाही लागतो, म्हणजे माझ्या गच्चीवरचं दुर्लक्ष शेजारच्याची टोमॅटोची झाडं घालवू शकतं, आणि कुठे जवळ शेत असेल तर एखाद्याचं उत्पन्नही. डाग दिसले की रोप काढून पिशवीत बांधून टाकून द्यायचं, कंपोस्टमध्ये घालायचं नाही. काढणीनंतर मातीत राहिलेले छोटे बटाटेही वेचून काढायचे कारण रोग त्यांच्यातच टिकून राहतो. आणि बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली, त्याच मातीत एकापाठोपाठ लावू नयेत. वाफा असेल तर तीन-एक वर्षांचं अंतर ठेवा, कुंडी असेल तर मिश्रण बदला किंवा त्यात शेंगावर्गीय काहीतरी लावा.

काढणीचं थोडक्यात लिहिते. जातीप्रमाणे ९० ते १२० दिवस, पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी बंद, पाला कापून टाका आणि बटाटे आणखी दहा-पंधरा दिवस मातीतच राहू द्या म्हणजे साल पक्की होते. अंगठ्याने घासून साल निघत असेल तर अजून थांबा. काढल्यावर धुवायचे नाहीत, माती झटकून अंधाऱ्या हवेशीर जागी पसरायचे, कापलेले-टोचलेले आधी खायचे. फ्रिजमध्ये नकोत, तिथल्या थंडीने स्टार्चची साखर होते, चव गोड लागते आणि तळताना लवकर काळे पडतात.

एवढं सगळं एका लेखात बसणार नाही हे मला कळतं. पण पुढच्या वेळी बटाट्यावर छापाल तेव्हा दोन फोटो तरी रंगीत द्या, एक उजेडाने हिरवा झालेल्या बटाट्याचा आणि एक करप्याच्या पानाचा, तोही पान उलटं करून खालच्या बाजूचा, कारण ती पांढरी बुरशी वाचून लक्षात येत नाही, बघावी लागते. आणि तो फोटो काळा-पांढरा छापलात तर काहीच कळणार नाही, जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा पण फोटो रंगीत ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक