नवा संगणक घ्या म्हणे!

महोदय,

देवगडात आमची आंब्याची वखार आहे. पेट्यांचा हिशोब विंडोज ७च्या जुन्या संगणकावर, मुलाने लिहून दिलेल्या पॉवरशेल स्क्रिप्टने (विंडोजमधल्या पॉवरशेल या प्रोग्रामला द्यायच्या आज्ञांच्या यादीने) चालतो. ऐन एप्रिलात, बाहेर टेम्पो उभा असताना, त्या स्क्रिप्टला डॉट नेट ४ची लायब्ररी (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीसाठी लिहिलेल्या तयार कोडची फाइल) उघडेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, नवीन घ्या." डॉट नेट ४ तर मशीनवर होतंच! पण विंडोज ७सोबतचं पॉवरशेल २.० चालतं डॉट नेटच्या जुन्या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या जुन्या इंजिनावर, आणि त्याला ४ची लायब्ररी उघडत नाही. मुलाने फोनवर सांगितलं तसं केलं. पॉवरशेलच्याच फोल्डरात 'पॉवरशेल डॉट ईएक्सई डॉट कॉन्फिग' ही फाइल नोटपॅडात लिहून ठेवली. तीत सपोर्टेड रनटाइमच्या, म्हणजे कोणतं रनटाइम आधी वापरायचं हे सांगणाऱ्या, दोन ओळी: आधी नवं ४.०.३०३१९, मग जुनं २.०.५०७२७. पॉवरशेलची काळी-निळी खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तर सीएलआर व्हर्जनपुढे (म्हणजे रनटाइमच्या आवृत्तीपुढे) ४! ६४ बिटच्या विंडोजात ३२ बिटचं पॉवरशेल मात्र सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात वेगळं बसलेलं असतं, त्याला ही फाइल तिथे वेगळी लागते. त्यात माझी दुपार गेली.

१४ जानेवारी २०२०पासून विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टचा आधार (सुरक्षेचे मोफत अपडेट) बंद आहे, म्हणून हा संगणक मी नेटला जोडत नाही. पण पेट्या मोजायला नेट कशाला? दुरुस्तीवाल्यांनी मशीन निदान उघडून तरी बघावं.

— एक बागायतदार, देवगड