आधी खणूदे, मग बांध

प्रिय बंड्या,

व्हॉट्सॲपवर तुला उत्तर टाइप करायला बसलो तर अंगठे दुखायचे, म्हणून सरळ पत्रच लिहितोय. पाऊस कोसळतोय आणि लाइट गेलीये, म्हणजे वेळच वेळ.

डिसेंबरात आपण जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या त्या पडक्या मनोऱ्याखाली उभे होतो तेव्हा तू म्हणालास, हे पुरातत्त्ववाले नुसती माती खरवडत बसतात, मला कॉन्ट्रॅक्ट द्या, दोन वर्षांत चर्च उभं करून देतो. मी पण हसलो होतो. परवा सुट्टी होती म्हणून भर पावसात एकटाच परत गेलो आणि आता मला तुझ्याशी भांडायचंय.

बघ, ऑगस्टिनियन साधूंचा हा मठ आणि चर्च 1602 ला बांधून पूर्ण झालं. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनेच सगळे मठ बंद करून साधूंना बाहेर काढलं, मग बघणारं कुणी नाही, 1842 ला वरची कमानदार छत कोसळली, आणि 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. घंटा तेवढी वाचली, ती आता पणजीच्या चर्चमध्ये आहे, आपण त्या पायऱ्यांवर फोटो काढला ना तिथेच. बाकी सगळा चिऱ्याचा आणि चुन्याचा ढीग. तुझ्या भाषेत डबर. तू काय केलं असतंस? जेसीबी लावून, डंपर भरून, साइट क्लिअर!

आणि त्याच डबराखाली एका राणीचं हाड होतं रे.

जॉर्जियातल्या काखेती प्रांताची राणी केतेवान. धर्म बदलायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारलं. तिथे राहणाऱ्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यातले काही 1627 मध्ये इथे आणून ठेवले. कुठे ठेवले तेही जुन्या पोर्तुगीज कागदात लिहिलंय: मठाच्या चॅप्टर चॅपलमध्ये, म्हणजे साधूंच्या सभेच्या प्रार्थनाघरात, एपिसलच्या बाजूला, म्हणजे वेदीकडे तोंड केलं की उजवीकडे, दुसऱ्या खिडकीपाशी. आता सांग, छतच नाही, भिंती गुडघ्याएवढ्या, तर दुसरी खिडकी कुठली? त्यासाठी आधी अख्खा नकाशा मातीतून वर काढावा लागतो, कुठली खोली कशाची, दार कुठे, वेदी कुठे. 1980 च्या दशकाच्या शेवटापासून शोध चालू होता, हाताचं हाड मिळालं ते 2004 मध्ये. तू ज्याला खरवडणं म्हणतोस ना, ते हे.

पुढची गंमत ऐक. हाड मिळालं म्हणून ते राणीचंच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने त्याचा डीएनए काढला, आईकडून येणारा, तो निघाला यू1बी गटाचा. भारतातल्या 22 हजारांहून जास्त नमुन्यांत हा प्रकार एकदाही नाही आणि जॉर्जियातल्या फक्त 30 माणसांत दोघांकडे मिळाला! तिथेच सापडलेली दुसरी दोन हाडं मात्र आपल्याकडच्या वंशाची निघाली. शंभर टक्के पुरावा याला म्हणता येणार नाही, पण मला तरी पटलं. 2021 च्या जुलैमध्ये अवशेषांचा एक भाग आपल्या सरकारने जॉर्जियाला भेट म्हणून दिला, तिथे ती संत आहे.

परवा काय दिसलं सांगतो. चर्चच्या जमिनीत थडग्यांचे सपाट दगड आहेत ना, पावसाचं पाणी नेमकं त्यांच्या कोरलेल्या अक्षरांत साठतं, बाकी दगड काळा पण अक्षरं चकचकीत, एरवी वाचता येत नाहीत ती नावं पण लागतात. मी छत्री मानेत धरून उकिडवा बसलो आणि एक एक अक्षर बोटाने गिरवत होतो तर वॉचमनने शिट्टी मारली. एका भिंतीच्या कोपऱ्यात निळ्या नक्षीच्या टाइलचा बोटाएवढा तुकडा अजून चिकटलाय, त्यालाही हात लावू देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

बांधायला माझी ना नाही हां. पण आधी तळापर्यंत खणून, मोजून, कागदावर उतरवून होऊदे. एकदा तू पायाचं काँक्रीट (पीसीसी) ओतलंस की खालचं कायमचं गेलं.

दिवाळीत ये, शेवाळ सुकलेलं असेल. आणि त्या भिंतीची जाडी मोजायला माझा टेप घेतलास आणि खिशात टाकून पुण्याला गेलास, तो आठवणीने आण.

तुझाच,
फोंड्याचा भांडखोर